लोहाऱ्याचं गवत आणि जनसुरक्षेचं विधेयक

मंडळी, पोस्ट लांब आहे. डवरणी-फवारणीचे दिवस आहेत, माहीत आहे. पण आज रविवार, अन् पाऊस पण उघडीप देत नाहीये. तर चहा ठेवा आणि निवांत वाचा. अर्ध्यात सोडून खाली "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" असं विचारू नका. त्या प्रश्नाबद्दलच ही पोस्ट आहे.

उद्या २१ जुलै. आपल्या लोहाऱ्याच्या दृष्टीने ही तारीख मोठी आहे, पण गावातल्या तरण्या पोरांना विचारलं तर दहातले नऊ खांदे उडवतील. २१ जुलै १९३० ला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी इथे, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात कायदा मोडला. जाहीरपणे, लोकांसमोर, पोलिसांना आधी कळवून. सरकारी राखीव जंगलातलं गवत कापलं. त्यांना अटक झाली, खटला चालला, नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि रवानगी अकोल्याच्या तुरुंगात. १९३१ च्या फेब्रुवारीत ते सुटले.

संघाचे लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात, सांगावीच. २०२५ मध्ये संघाची शंभरी, त्यामुळे जरा जास्तच सांगतील. काँग्रेसवाले लगेच म्हणतात, "ते संघ म्हणून नव्हते आले, वैयक्तिक आले होते." खरंच आहे. जाताना त्यांनी सरसंघचालकपदाची जबाबदारी डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवली होती. पण कापलेलं गवत वैयक्तिक होतं की संघटनेचं, याने जेलचे दिवस कमी झाले नाहीत. माणूस आत गेला, हे खरं.

आणि त्याच्या अकरा दिवस आधी, १० जुलै १९३० ला, आपल्याच जिल्ह्यात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी हेच केलं होतं. बापूजी वणीचे, यवतमाळात वकिली केलेले, टिळकांच्या तालमीतले काँग्रेसचे पुढारी. वऱ्हाडातला जंगल सत्याग्रह उभा राहिला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. त्यांना सहा महिने झाले.

गवतच का, हे नव्या पिढीला सांगायला हवं. गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला, पण वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्याचं मीठ केलं लोकांनी. पण बाकी ठिकाणी विहिरी गोड्या. मग इथल्या माणसाला रोज टोचणारा कायदा कोणता? जंगलाचा. ढोरं चारायला पैसे, काडी आणायला परवाना, निस्ताराच्या प्रत्येक गोष्टीला नाकेदाराचा हात पुढे. म्हणून गवत. कास्तकाराला, आदिवासीला, गुराख्याला, सगळ्यांना एका क्षणात कळणारी गोष्ट होती ती. पुढाऱ्यांनी विळा हातात घेतला म्हणून नव्हे, तर तो विळा लोकांच्या घरातला होता म्हणून तो सत्याग्रह पेटला.

आता मुद्द्यावर येतो.

डॉ. हेडगेवारांना शिक्षा झाली ती दोन कलमांखाली. भारतीय दंड विधानाचं ३७९, म्हणजे चोरी, त्याचे तीन महिने. आणि ११७, म्हणजे जनतेला गुन्ह्यासाठी चिथावणी देणे, त्याचे सहा महिने. नीट बघा. गवत नेल्याची शिक्षा तीन महिने, आणि लोकांना "हा कायदा मोडा" असं सांगण्याची शिक्षा त्याच्या दुप्पट. इंग्रजाला गवताचं दुःख नव्हतं. त्याला भीती होती सांगण्याची.

आणि आता १० जुलै २०२५. बापूजींनी पुसदला गवत कापलं त्याला बरोबर ९५ वर्षं झाली त्या दिवशी मुंबईत विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी विधानपरिषदेने. मग ते राज्यपालांच्या सहीसाठी गेलं. तारखेचा हा योगायोग सभागृहातल्या कोणाच्या डोक्यात आला असेल असं मला वाटत नाही.

या विधेयकात "बेकायदेशीर कृत्य" कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. माझ्या साध्या शब्दांत सांगतो. सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका निर्माण करणारं कृत्य. कायद्याच्या अंमलबजावणीत, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या आणि त्यांच्या माणसांच्या कामात अडथळा आणणारं कृत्य. हिंसाचार, तोडफोड, शस्त्रं, हे पण आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. पण त्याच यादीत हे पण आहे: प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं किंवा तशी शिकवण देणं. आणि अशा कामासाठी पैसा किंवा वस्तू गोळा करणं. कृत्य म्हणजे फक्त हाताने केलेलं नव्हे. बोललेलं, लिहिलेलं, खुणेने दाखवलेलं, सगळं आलं.

आता सांगा, २१ जुलै १९३० ला लोहाऱ्यात काय झालं होतं? प्रस्थापित कायद्याची अवज्ञा. प्रोत्साहन. शिकवण. आणि सत्याग्रहींच्या भाकरीची सोय करायला वर्गणी सुद्धा कोणी तरी गोळा केलीच असणार.

मी हे डॉ. हेडगेवारांना कोणत्या तरी रांगेत बसवायला म्हणत नाहीये. उलट. जे लोक उद्या त्यांना अभिवादन करतील, त्यांनाच मी विचारतोय, बाप्पा, हे वाक्य तुम्ही वाचलंय का?

सरकारची बाजू काय, ती पण सरळ मांडतो, नाही तर लोक म्हणतील एकांगी लिहितो. मुख्यमंत्री म्हणतात की राज्यात माओवाद्यांच्या ६४ आघाडीच्या संघटना काम करतात. बंदुकीचा माओवाद मागे हटतोय आणि शहरात, कॉलेजात, संस्थांमध्ये दुसऱ्या रूपाने शिरतोय. यूएपीए लावायला दहशतवादी किंवा हिंसक कृत्य दाखवावं लागतं, म्हणून ते अपुरं पडतं. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा यांच्याकडे असा कायदा आहे, आपल्याकडे नाही. हा कायदा व्यक्तीवर नाही, संघटनेवर आहे. सल्लागार मंडळासमोर गेल्याशिवाय बंदी कायम होणार नाही. सरकारवर टीका केली म्हणून कोणाला आत टाकणार नाही.

यातलं काही खोटं नाही. गडचिरोली आपल्यापासून लांब नाही. १ मे २०१९, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यांच्या घरी महाराष्ट्र दिन आता कसा येत असेल, कल्पना करा. "खबऱ्या" ठरवून नक्षलवाद्यांनी मारलेल्या आदिवासींची नावं तर आपल्याला ठाऊक पण नसतात. जो कोणी या खुनांना "पण" लावून बोलतो, त्याच्याशी माझं जमत नाही. जमणार नाही.

हे पण मान्य करतो की पहिला मसुदा आला तेव्हापेक्षा आताचा मसुदा थोडा बरा आहे. जुलै २०२४ मध्ये विधेयक पहिल्यांदा आलं, मग डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पुन्हा आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. लोकांच्या बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या. त्यानंतर तीन मोठे बदल झाले. उद्देशात आधी नुसतं "व्यक्ती आणि संघटना" होतं, तिथे "कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना" आलं. सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातला सरकारी वकील अशी रचना झाली. आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला.

बारा हजार लोकांनी कागद-पेन घेतलं म्हणून एवढं तरी झालं, हे लक्षात ठेवा. "लिहून काय होते?" म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय.

पण व्याख्येचं काय? ती जिथल्या तिथे. उद्देशातलं वाक्य बदललं, पोटातलं कलम तसंच राहिलं. आणि "तत्सम" या शब्दाचा अर्थ कोण लावणार? जो त्या वेळी खुर्चीत असेल तो. सल्लागार मंडळात तीन माणसं, त्यातला एक सरकारचाच वकील. आमच्या गावच्या पंचायतीत सुद्धा भांडणातल्या एका बाजूच्या माणसाला पंच म्हणून बसवत नाहीत.

"व्यक्तीवर नाही, संघटनेवर आहे" हे पण तपासून घ्या. एकदा संघटना बेकायदेशीर ठरली की तिच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख दंड. सदस्य नसताना वर्गणी दिली, मदत केली, तर दोन वर्षं आणि दोन लाख. बेकायदेशीर कृत्य केलं किंवा करायला लावलं तर सात वर्षं आणि पाच लाख. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. तुरुंगात संघटना जात नाही भाऊ. माणूसच जातो.

छत्तीसगडचं उदाहरण सरकारच देतं, म्हणून तिकडेच बघू. तिथला कायदा २००५ चा. मे २००७ मध्ये डॉ. बिनायक सेन यांना त्याच कायद्याखाली आणि यूएपीएखाली धरलं. आदिवासी भागात काम करणारे बालरोगतज्ज्ञ. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. पुढे २०१० ला रायपूरच्या कोर्टाने राजद्रोहाखाली जन्मठेप दिली आणि २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जामीन दिला. अलीकडचं सांगायचं तर २०२४ च्या शेवटी तिथल्या सरकारने मूलवासी बचाओ मंच या बस्तरच्या आदिवासी तरुणांच्या संघटनेवर याच कायद्याने एक वर्षाची बंदी घातली. अधिसूचनेतलं कारण? विकासकामांना आणि सुरक्षा दलांच्या छावण्यांना विरोध करतात, लोकांना भडकवतात.

विकासकामांना विरोध. हे शब्द यवतमाळच्या कास्तकाराने दोनदा वाचावेत. शक्तिपीठ महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जाणार आहे. तो हवा की नको यावर माझ्या घरात सुद्धा दोन मतं आहेत. पण ज्याला नको आहे तो काय करतो? मोजणीला आलेल्या माणसांना बांधावरून परत पाठवतो. म्हणजे "कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या कामात अडथळा". आज त्याच्यावर हा कायदा लावतील असं मी म्हणत नाही. पण लावायचं ठरवलं तर अडवणारा एक शब्द या कलमात दाखवा, मी पोस्ट काढून टाकतो.

आणि कोणी म्हणेल, "हे डाव्यांसाठी आहे, आपल्याले काय?" तर एचटीबीटीची गोष्ट आठवा. जून २०१९, अकोट तालुक्यातलं अकोली जहागीर. शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं उघडपणे, पत्रकारांना बोलावून पेरलं. पुढे राज्यभर पेरलं. गुन्हे दाखल झाले. त्या वेळच्या पर्यावरण कायद्यात याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. शरद जोशींची शेतकरी संघटना डावी आहे असं तिच्या शत्रूने पण कधी म्हटलं नाही. खुल्या बाजाराची, सरकारी बंधनं तोडा म्हणणारी संघटना ती. पण त्यांनी जे केलं ते कायद्याची अवज्ञा, प्रोत्साहन आणि शिकवण, तिन्ही होतं. आपल्यापैकी कितीतरी जण मनातून त्यांच्या बाजूने होते. काहींच्या शेतात ते बियाणं होतं, आहे, कोणी बोलत नाही एवढंच.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांकडे वळतो. तुम्ही इथपर्यंत मान डोलावत आला असाल, जरा थांबा.

१० जुलैला विधानसभेत या विधेयकाला उघड विरोध करणारा आमदार एकच निघाला. डहाणूचे विनोद निकोले, माकपचे. बाकी महाविकास आघाडीचे आमदार? काही बोलले, शंका काढल्या, सूचना दिल्या, आणि विधेयक मंजूर झालं. संयुक्त समितीत त्यांचेही सदस्य होते. दुसऱ्या दिवशी परिषदेत सभात्याग झाला, मग पत्रकार परिषदा झाल्या, "लोकशाहीची हत्या" झाली. अहो, हत्या होत होती तेव्हा तुम्ही खोलीतच होते ना? यवतमाळचे आमदार काँग्रेसचे आहेत. त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, हे त्यांना कार्यकर्त्यांनीच विचारायला पाहिजे. त्यांचं उत्तर चांगलं असेल तर मी इथेच छापीन.

आणि इतिहासाचं म्हणाल तर यूएपीए १९६७ चा, काँग्रेसच्या काळातला. मिसा १९७१ चा, इंदिराजींचा. टाडा १९८५ चा, राजीव गांधींचा. पोटा २००२ चा, वाजपेयी सरकारचा. २००४ ला यूपीए सरकारने पोटा रद्द केला म्हणून टाळ्या घेतल्या आणि त्यातली बरीच कलमं यूएपीएत घातली. २००८ ला जामीन आणखी अवघड केला. २०१९ ला भाजपने त्यात व्यक्तीलाही दहशतवादी ठरवायची सोय केली आणि राज्यसभेत काँग्रेसने बाजूने मत दिलं. छत्तीसगडमध्ये २०१८ ते २०२३ काँग्रेसचं सरकार होतं. तो २००५ चा कायदा त्यांनी रद्द केला का? नाही. बिनायक सेनांचं नाव घेऊन भाषणं मात्र केली. हे एका पक्षाचं पाप नाही. आलटून-पालटून केलेली बांधणी आहे. एकाने पाया घातला, दुसऱ्याने भिंती, तिसऱ्याने कुलूप.

जी. एन. साईबाबांचं बघा. ९० टक्के अपंग, व्हीलचेअरवरचा प्राध्यापक. मे २०१४ ला अटक, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार. मार्च २०१७ ला गडचिरोलीच्या कोर्टात जन्मठेप, तेव्हा भाजप-सेनेचं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकदा २०२२ ला आणि पुन्हा ५ मार्च २०२४ ला निर्दोष सोडलं. सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ ला ते गेले. त्याच खटल्यातला पांडू नरोटे, गडचिरोलीचा आदिवासी तरुण, निकाल लागायच्या आधीच २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोठडीत आजारी पडून मेला. नंतर तो पण निर्दोष ठरला. त्या निर्दोषपणाचं त्याच्या घरच्यांनी काय करायचं? कायदा अपुरा पडत होता म्हणता? या सहा जणांना तर तो पुरून उरला.

आपल्याच जिल्ह्यातलं आणखी एक घर सांगतो, वणीकडच्या राजूरचं. एक भाऊ मिलिंद तेलतुंबडे. बंदूक घेतली, माओवाद्यांचा मोठा नेता झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये गडचिरोलीत चकमकीत मारला गेला. दुसरा भाऊ आनंद तेलतुंबडे. शिकला, प्राध्यापक झाला, पुस्तकं लिहिली. १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, भीमा-कोरेगाव प्रकरणात आत गेला. अडीच वर्षांनी जामीन देताना उच्च न्यायालय म्हणालं की दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. खटला अजून उभाच आहे, त्याच्या निकालाबद्दल मी बोलणार नाही. पण ज्या दोन भावांनी आयुष्याचे दोन वेगळे रस्ते धरले, त्यांच्यातला फरक कायद्याला दिसला पाहिजे की नाही? धूसर व्याख्या हा फरक पुसून टाकते. आणि फरक पुसला की पोरांना तुम्ही काय शिकवता? की पुस्तक लिहा नाही तर बंदूक घ्या, सरकारी दप्तरात दोन्ही एकच.

जून महिन्यात आपण आणीबाणीची पन्नास वर्षं पाळली. मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांचं मानधन सरकारने दुप्पट केलं. महिन्यापेक्षा जास्त काळ आत राहिलेल्यांना आता वीस हजार. मी या मानधनाच्या विरोधात नाही. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला समाजाने काही तरी परत द्यावं, बरोबरच आहे. पण मिसाचा कायदा संसदेत मांडला तेव्हा पण सांगितलं गेलं होतं की हा देशाच्या शत्रूंसाठी आहे. चार वर्षांनी त्यात जनसंघवाले, समाजवादी, संघाचे स्वयंसेवक, सर्वोदयी, सगळे आत. जूनमध्ये त्यांचा सत्कार करायचा आणि जुलैमध्ये "सरकारवर विश्वास ठेवा" म्हणायचं? तेव्हाचे काँग्रेसवाले पण हेच म्हणत होते ना, की इंदिराजींवर विश्वास ठेवा?

हे सगळं मी चौकात बोललो तर काय होतं ते सांगतो. पहिलं वाक्य संपायच्या आत समोरचा ठरवून मोकळा होतो. सरकारवर बोललं की "अर्बन नक्षल". काँग्रेसवर बोललं की "अंधभक्त". एक ओळ पुढे ऐकायची तयारी नाही. दारव्हा रोडवरच्या टपरीवर परवा दोघांचं यावरून गचांडी धरण्यापर्यंत गेलं. दोघांनी पण विधेयक वाचलेलं नव्हतं. एकाला वाटत होतं की यात फाशी आहे, दुसऱ्याला वाटत होतं हे फक्त जेएनयूसाठी आहे. लहानपणापासून एका ताटात जेवलेले दोघे. आता एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातील की नाही, शंका आहे. आणि ज्यांच्यासाठी भांडले ते पुढारी त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाला एकाच सोफ्यावर बसून केक खातात, फोटो आपणच लाईक करतो.

हा सूडाचा स्वभाव आपल्या गावाला नवीन आहे असंही नाही म्हणत. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि ऐन वेळी येऊ नका म्हणून कळवलं. इंग्रजी लेखिका कशाला, इथून सुरुवात झाली आणि खरी भीती दुसरीच होती, हे सगळ्यांना कळत होतं. नेहरूंची सख्खी भाची. पण आणीबाणीत आपल्याच मामेबहिणीच्या विरोधात उभी राहिलेली बाई, आणि २०१५ ला दुसऱ्या सरकारच्या काळात अकादमीचा पुरस्कार परत करणारी पण तीच. दोन्ही वेळा तिने एकच गोष्ट म्हटली. आपल्या जिल्ह्याला ती ऐकायची संधी होती, ती आपण घालवली. काँग्रेसची म्हणून एकाने नाकारली असती, काँग्रेसविरोधी म्हणून दुसऱ्याने. अशा माणसाला बसायला आपल्याकडे खुर्चीच उरली नाही.

आणि ज्यांना कोणताच पक्ष नाही त्यांचं तर बोलूच नका. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवर जाऊन विचारा, कायद्याची व्याख्या धूसर असली की काय होतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का १९५२ ला कागदावर पुसला गेला. पण कुठे चोरी झाली की रात्री पहिलं दार कोणाचं वाजतं, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज आहे का? त्यांच्यासाठी ना मोर्चा, ना पत्रकार परिषद. अधिकाराचा कायदा मुळात यांच्यासाठी असतो. ज्याच्या मागे आमदार आहे त्याचं ठाण्यात फोनवर भागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. हिंसाचार, शस्त्र, खंडणी, भूसुरुंग यासाठी जेवढा कडक कायदा हवा तेवढा करा. पण त्या व्याख्येतलं अवज्ञेचं वाक्य काढा, किंवा त्याला हिंसेची अट जोडा. "तत्सम" शब्द काढा. सल्लागार मंडळातून सरकारी वकील काढा, त्या जागी दुसरा निवृत्त न्यायाधीश बसवा. संघटनेवर बंदी घालताना कारणं लपवायची सोय ठेवू नका. यातली एकही गोष्ट केल्याने एकही माओवादी सुटणार नाही.

राज्यपालांना विधेयक परत पाठवून फेरविचार करा असं सांगता येतं, घटनेच्या २०० व्या कलमात तशी तरतूद आहे. त्यासाठी पत्र पाठवायला कोणत्याही पक्षाचं सदस्य असावं लागत नाही. आपल्या जिल्ह्यात तीन मंत्री आहेत: राठोड, उईके, नाईक. सत्तेतल्या तिन्ही पक्षांचा एकेक. संघाच्या, भाजपच्या ज्या मित्रांना वरची व्याख्या वाचून थोडं तरी खटकलं असेल त्यांनी या तिघांकडे जावं. आमच्यासारख्यांपेक्षा तुमचं म्हणणं ते जास्त ऐकतील. आणि आघाडीच्या मित्रांनी आपल्या आमदाराकडे जावं. उलटं नको. दुसऱ्याच्या पुढाऱ्याला जाब विचारणं सोपं असतं, ते आपण रोजच करतो.

विधेयकाची मराठी प्रत माझ्याकडे आहे, पानं फार नाहीत. पाच झेरॉक्स काढून ठेवल्यात. उद्या संध्याकाळी सहानंतर घरीच आहे, ज्याला पाहिजे त्याने येऊन न्यावी. टपरीवरच्या त्या दोघांसाठी दोन प्रती बाजूला ठेवल्या आहेत. खाली लिहिणाऱ्यांनी कलमाचा नंबर टाकून लिहावं, उत्तर देईन. शिव्या असतील तर त्या पण वाचीन, पण उत्तर उशिरा मिळेल, पऱ्हाटीत तण लई झालंय.